आवाज नक्की कुठून येतोय?

नवी मुंबईत गाडी बंद पडली की मेकॅनिक नंतर येतो, आधी शेजारी येतात. बोनेट उघडल्याचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत बरोबर ऐकू जातो आणि चहा संपायच्या आत गाडीभोवती कोंडाळं जमतं. प्रत्येक जण आत वाकतो, कशाला तरी हात लावतो, हात पुसतो आणि निदान सांगतो. पहिला म्हणतो बॅटरी. दुसरा म्हणतो, बॅटरी असती तर हॉर्न वाजला नसता, हा फ्युएल पंप. तिसरा काही न बोलता नुसती मान हलवतो. गाडीच्या मालकाला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

१९७० साली सिडको स्थापन झाली. मग सेक्टर आले, नोड आले, पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव आले. पण एकेका घरात दोन-दोन गाड्या येतील असं तेव्हा कोणाच्या मनात आलं असेल, हे आजचं पार्किंग बघून तरी खरं वाटत नाही. त्यामुळे गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात आणि एकीचं दुखणं सगळ्या बिल्डिंगला कळतं. आमच्याकडचे चीफ मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेत. जहाजाच्या इंजिनरूममध्ये आयुष्य गेल्यामुळे हजार सीसीचं इंजिन त्यांना खेळण्यासारखं दिसतं. दुसरे काका भाभा अणुसंशोधन केंद्रातले. ते मोजल्याशिवाय बोलत नाहीत आणि मोजल्यावर थांबत नाहीत. शिवाय पहिल्या मजल्यावरच्या काकू आहेत. त्यांच्याकडे नाक आहे, त्याबद्दल पुढे.

या मंडळींबद्दल मला आदर आहे. पण गॅरेजात गेल्यावर ते जे करतात तेच आपण सगळे करतो: लक्षण सांगायचं सोडून निदान सांगतो. ‘क्लच प्लेट गेलीय, बदलून द्या.’ समोरचा माणूस अगदी सरळमार्गी असला तरी क्लच प्लेट बदलून देतो, कारण गिऱ्हाइकाने तीच मागितली. आवाज तसाच राहतो, कारण तो बेअरिंगचा होता. गॅरेजचं बिल आपल्या पहिल्या वाक्यापासून सुरू होतं. म्हणून घरच्या घरी गाडी तपासायची ती दुरुस्त करण्यासाठी नाही, तर ते पहिलं वाक्य नीट करण्यासाठी. त्याला खर्च जवळजवळ नाही. कान, नाक, पुठ्ठा आणि थोडा धीर. यातली शेवटची वस्तू शीव-पनवेल रस्त्यावरून घरी आलेल्या माणसाकडे क्वचितच उरलेली असते.

कानापासून सुरुवात करू, कारण गाडीची पहिली तक्रार बहुधा कानावरच येते. चीफचं उपकरण म्हणजे हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर. इंजिन चालू ठेवायचं, स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या अंगावर एकेका जागी टेकवायचं आणि मूठ कानाजवळच्या हाडाला लावायची. बाहेरून सगळा एकच कल्लोळ असतो. पण लोखंडातून येणारा आवाज जागेजागी वेगळा होतो. अल्टरनेटरवर टेकवलं तर गुळगुळीत गुणगुण, आणि आतलं बेअरिंग झिजलं असेल तर वाळू घोळल्यासारखी खरखर. गॅरेजवाले हेच पिढ्यान् पिढ्या करत आलेत. एवढंच सांभाळायचं की पंखा आणि बेल्ट यांच्या आसपास स्क्रू ड्रायव्हर, ओढणी किंवा गळ्यातली ओळखपत्राची फीत जाता कामा नये. चीफ हे करताना डोळे मिटतात. ते आवश्यक नाही, पण बघणाऱ्यांवर छाप पडते.

ज्याच्याकडे एवढा लांब स्क्रू ड्रायव्हर नाही त्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. आवाज गाडी थंड असताना येतो की तापल्यावर? इंजिनाबरोबर वाढतो की चाकांबरोबर? आणि वळताना, ब्रेक दाबताना की खड्ड्यात? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर जागेवरच मिळतं. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये हलकी रेस करायची. आवाज आला तर तो इंजिनाच्या बाजूचा. उभ्या गाडीत अजिबात नाही आणि रस्त्यावर वेगाबरोबर चढत जातो, तर चाकांच्या बाजूचा. एवढ्या एका उत्तराने मेकॅनिकची अर्धी गाडी तपासायची वाचते.

चाकांच्या आवाजासाठी नवी मुंबईत फुकटची प्रयोगशाळा आहे, ती म्हणजे पाम बीच रोड. वाशीपासून बेलापूरपर्यंत गुळगुळीत, सिग्नल मोजके, हळुवार वळणं. रविवारी सकाळी काच वर करून, गाणी बंद करून, वेगमर्यादेत राहून चालवावं. एकसारखी घुंऽऽ ऐकू आली तर वळणावर कान द्यावा. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो. त्या वेळी घुं वाढली तर डाव्या चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्यायला जागा आहे. वळणावर काहीच फरक पडत नसेल तर कदाचित नुसते टायरच बोलत असतील. स्टिअरिंग पूर्ण फिरवून मोकळ्या जागेत हळू गोल फिरताना कट-कट-कट आलं, तर ड्राइव्ह शाफ्टचा सांधा झिजत आलाय. ब्रेक मारताना पातळ, कर्कश चीं येते तेव्हा बरेचदा ब्रेक पॅडमधली पत्र्याची जीभ डिस्कला घासत असते. ती तिथे मुद्दाम बसवलेली असते, पॅड संपत आल्याचं ओरडून सांगायला. एवढा प्रामाणिक पुर्जा गाडीत दुसरा नाही, आणि त्याचंच आपण सगळ्यात कमी ऐकतो.

पण खरी परीक्षा गॅरेजमध्ये. तुर्भ्याचा असो की पनवेलचा, मेकॅनिक विचारणारच, ‘साहब, आवाज कैसा आता है?’ आणि मग इस्त्रीचा शर्ट घातलेला, एरवी चारचौघांत मोठ्याने हसणंही कमीपणाचं मानणारा गृहस्थ ओठांचा चंबू करून ‘घुं-घुं-घुं... आणि मग खट्!’ करून दाखवतो. शेजारच्या स्कूटरवाल्याची पाळी असेल तर तो ‘फट्-फट्-फुस्स’ करत असतो. याला हसू नये. किरकिर, खडखड, घरघर, टकटक यांतला प्रत्येक आवाज मेकॅनिकला वेगळ्या जागी घेऊन जातो. त्यात ‘सकाळी पहिल्या सेल्फला येतो आणि दोन मिनिटांत जातो’ एवढं जोडलं की त्याचा चेहरा उजळतो. असं बोलणारं गिऱ्हाईक त्याला रोज मिळत नाही.

आता गॅरेजच्या दारात आवाज बंद होतो, हा विश्वाचा नियमच आहे. महिनाभर खडखडणारी गाडी मेकॅनिकसमोर साधूसारखी शांत उभी राहते. मालक म्हणतो, ‘आत्तापर्यंत येत होता हो!’ आणि मेकॅनिक ज्या नजरेने बघतो ती नजर फार अपमानकारक असते. त्यावर उपाय आपल्या खिशातच आहे. शेजारी बसलेल्याने मोबाइलवर आवाज टिपून ठेवायचा. फक्त त्या वेळी त्याने ‘मी तुला दिवाळीपासून सांगतेय’ वगैरे बोलू नये. ते सगळं रेकॉर्ड होतं आणि गॅरेजात चार लोकांसमोर वाजतं.

दुसरं साधन पुठ्ठा. मे महिन्यात एपीएमसीतून आलेली हापूसची पेटी रिकामी झाली की तिचा पुठ्ठा टाकून देऊ नये. रात्री इंजिनाखाली पसरायचा आणि पुढची चाकं कुठे आहेत याची पेनाने खूण करायची. सकाळी त्यावर जे असेल ते वाचायचं. काळपट-तपकिरी, चिकट डाग म्हणजे इंजिन ऑइल. हिरवा, गुलाबी किंवा केशरी म्हणजे कूलंट. चाकाजवळ फिकट पिवळा, बोटाला निसरडा लागणारा डाग सगळ्यात गंभीर, कारण तो ब्रेक ऑइल असू शकतो, आणि तशी गाडी चालवत गॅरेजला न्यायची नसते, मेकॅनिकला बोलवायचं असतं. आणि नुसतं स्वच्छ पाणी असेल तर आदल्या संध्याकाळी एसी लावला होता का ते आठवावं. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत एसी घटाघटा पाणी गाळतो आणि ते गाडीखाली सांडणंच अपेक्षित असतं. ते सांडत नसेल आणि पायाखालची मॅट ओली होत असेल, तर एसीची नळी तुंबली. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर कोणीतरी हे पाणी बघून ‘रेडिएटर फुटला’ असं जाहीर करतं आणि कोणीतरी त्यावर विश्वास ठेवतं.

इथे काकूंचं नाक येतं. त्या बाजाराची पिशवी घेऊन पार्किंगमधून जात होत्या. थांबल्या आणि म्हणाल्या, ‘कोणाच्या तरी गाडीला पाकाचा वास येतोय.’ पुरुष मंडळी हसली. पण बोनेट गरम असताना गोडसर वास येणं म्हणजे कूलंट कुठेतरी झिरपून तापल्या धातूवर पडतंय. त्यातलं ग्लायकॉल चवीलाही गोड असतं, पण विषारी. सोसायटीतली मांजरं ते चाटतात आणि जीव गमावतात, म्हणून असा डाग दिसला की धुऊन टाकावा. गाडी तापलेली असताना रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नये. आतलं पाणी दाबाखाली असतं आणि थेट चेहऱ्यावर येतं. घाट चढताना करपल्यासारखा वास आला तर तो क्लचचा. सडक्या अंड्यांचा आला तर बॅटरी जास्त चार्ज होतेय किंवा सायलेन्सरकडच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काहीतरी बिनसलंय. पेट्रोलचा आला तर हे सगळं वाचत बसू नये, इंजिन बंद करून बाहेर पडावं. धुराचं थोडक्यात एवढंच: निळा धूर म्हणजे गाडी ऑइल खातेय, काळा म्हणजे पेट्रोल किंवा डिझेल जास्त पितेय, आणि पांढरा, दाट, न थांबणारा म्हणजे कूलंट इंजिनात शिरतंय.

आमच्या आधीच्या पिढीला हे सगळं तोंडपाठ होतं, कारण त्यांच्या गाड्यांनी त्यांना दुसरा मार्गच ठेवला नव्हता. चेतकच्या डिकीत कागदपत्रं नसली तरी चालायचं, प्लग पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा लागायचाच. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या प्लगवर काजळी धरायची, मग रस्त्याकडेला बसून प्लग काढायचा आणि घासायचा. त्याचं टोक फिकट विटकरी असेल तर सगळं ठीक, काळं कोरडं असेल तर पेट्रोल जास्त, ओलं तेलकट असेल तर ऑइल जास्त. स्कूटर एका बाजूला कलती करून किक मारण्याचा विधी तर लहान मुलांनाही माहीत होता. कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनीचे मालक उन्हाळ्यात खंडाळ्याच्या घाटात एक ओला फडका घेऊन उतरायचे. तापलेल्या इंजिनाच्या अंगावर बसवलेल्या पंपात पेट्रोलची वाफ व्हायची आणि वाफ काही पुढे ढकलली जायची नाही. पंपावर ओला फडका ठेवायचा, डबा उघडून सगळ्यांनी दोन घास खायचे, तोवर वाफेचं पुन्हा पेट्रोल व्हायचं. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबर अखेर गेल्या. फडक्याचं ज्ञान त्यांच्याबरोबर गेलं, हे एका अर्थी बरंच झालं. घाटात थांबायला आता जागाही नाही.

बॅटरीच्या बाबतीत मात्र काकांना गाठावं. त्यांचा मल्टिमीटर लॅमिंग्टन रोडवरून काही शे रुपयांना आणलेला आहे आणि तो ते शर्टाच्या खिशात ठेवतात. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवलं तर ती भरलेली आहे. १२ च्या जवळ आली असेल तर जवळजवळ रिकामी. इंजिन चालू केल्यावर आकडा १४ च्या आसपास चढायला हवा. नाही चढला तर बॅटरी बिचारी निर्दोष आहे, अल्टरनेटर तिला भरतच नाही. एवढी एक गोष्ट माहीत नसल्यामुळे कितीतरी लोक नवी बॅटरी घेतात आणि आठवड्याभरात पुन्हा धक्का मारतात. मल्टिमीटर नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवे एकदम मालवल्यासारखे झाले आणि टिक-टिक-टिक आलं, तर बॅटरी किंवा तिची टर्मिनलं. दिवे झगझगीत राहिले आणि एकच ‘टक्’ आला, तर सेल्फची मोटर. टर्मिनलांवर पांढरा-हिरवा भुगा जमला असेल तर गरम पाणी आणि खायचा सोडा. केबल काढताना आधी निगेटिव्ह काढायची, हे काका प्रत्येक वेळी सांगतात, आणि प्रत्येक वेळी ते सांगणं योग्यच असतं.

टायरचं ज्ञान घ्यायचं तर एपीएमसीच्या ट्रकवाल्यांकडून घ्यावं. निघण्यापूर्वी ते लोखंडी पहार घेऊन चाकांवर ठोकत जातात आणि नुसत्या आवाजावरून कुठल्या चाकात हवा कमी आहे ते ओळखतात. मागच्या जोडचाकांत आतल्या टायरपर्यंत गेज घालणं कटकटीचं, म्हणून ही युक्ती. मोटारीला पहार मारायची गरज नाही. टायर मधोमध झिजला असेल तर हवा जास्त भरली जातेय, दोन्ही कडांना झिजला तर कमी, आणि एकाच कडेला झिजला तर अलाइनमेंट करून घ्यावी. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेही संपला. हवा हळूहळू उतरत असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघावेत. पंक्चरवाला वॉल्व्हवर बोटाने थुंकी लावतो, तत्त्व तेच.

पेट्रोलवर संशय असेल तर पंपावर फिल्टर पेपर मागता येतो, तो गिऱ्हाइकाचा हक्क आहे. नोझलमधला एक थेंब कागदावर टाकायचा. शुद्ध पेट्रोल डाग न ठेवता उडून जातं. यात एकच अडचण आहे: ते उडायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, आणि मागे उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला रसायनशास्त्रात रस नसतो.

पावसाळ्यात भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की इथल्या सखल सेक्टरांत पाणी चढतं. ते उतरल्यावर प्रत्येकाला पहिली इच्छा होते ती चालू होतेय का बघण्याची. तीच मारावी. इंजिनात पाणी शिरलं असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कारण पाणी दबत नाही, आणि मग कनेक्टिंग रॉड वाकतो. एअर फिल्टरचं झाकण उघडून आतला कागद ओला आहे का बघावं. ऑइलची पट्टी ओढून पुसून पुन्हा घालावी आणि रंग बघावा. दुधाळ कॉफीसारखा दिसला तर किल्लीला हात लावू नये, टोइंगवाल्याला फोन लावावा. आणि पाऊस नसतानाही गाडी अचानक लंगडायला लागली तर बोनेटखाली उंदराने वायर कुरतडल्यात का ते बघायला लाज वाटू देऊ नये. नेरूळ-सीवूड्सच्या पार्किंगांत डांबराच्या गोळ्यांचा खप कपाटांपेक्षा बोनेटांत जास्त होत असावा.

नव्या गाड्या स्वतःचं दुखणं आकड्यात सांगतात. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात हजाराच्या आतबाहेर मिळणारा ब्लूटूथचा डबा खोचला की मोबाइलवर कोड येतो. अमेरिकेत १९९६ पासून मोटारींना हे बंधनकारक झालं, आपल्याकडे बरंच नंतर. समजा कोड आला पी०३०१: पहिला सिलिंडर मिसिंग करतोय. इथे पुन्हा तोच मोह होतो, पहिल्या सिलिंडरची कॉइल बदलून टाकण्याचा. पण कोड तक्रार सांगतो, आरोपी नाही. आरोपी शोधण्याची फुकट रीत सरकारी खात्यांत कधीपासून चालू आहे: बदली करा आणि तक्रार बरोबर जाते का बघा. पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर लावायची, दुसऱ्याची पहिल्यावर, कोड पुसायचा आणि एक फेरी मारायची. आता पी०३०२ आला तर कॉइल दोषी. पुन्हा पी०३०१ च आला तर कॉइल निर्दोष, प्लग किंवा इंजेक्टरची चौकशी लावा. सारख्या मापाचे रिले असतील तर हॉर्नचा रिले काढून फ्युएल पंपाच्या जागी घालून बघता येतो. चीफना हा प्रकार इतका आवडला की त्यांनी काही दिवस सोसायटीतल्या ट्यूबलाइटींच्याही बदल्या केल्या.

अलीकडे आमच्याकडे विजेवरच्या गाड्या आल्या तेव्हा ही सगळी विद्या वाया जाणार असं वाटत होतं. बोनेटखाली प्लास्टिकचं झाकण, ना ऑइल, ना प्लग, ना बेल्ट. मंडळी वाकून बघायची आणि हात न पुसताच परतायची. मग एका सोमवारी त्यांतलीच एक गाडी उठेना. रिमोट चालेना, पडदा काळा. आदल्या रात्री मोठी बॅटरी जवळजवळ पूर्ण भरलेली, असं मालक शपथेवर सांगत होता. त्या रिमोटच्या पोटात एक छोटी लोखंडी किल्ली लपलेली असते हेही त्याला काकांकडून कळलं. दार उघडलं, बोनेट उघडलं, प्लास्टिकचं झाकण निघालं, आणि खाली एका कोपऱ्यात बसली होती ती आपली जुनी, ओळखीची, बारा व्होल्टची बॅटरी. एवढी मोठी बॅटरी जागी करायची तर हिच्याकडून परवानगी लागते. काकांनी खिशातून मल्टिमीटर काढला, दोन टोकं टेकवली आणि वाचून दाखवलं: ‘अकरा पॉइंट दोन.’ तोवर मालकाने सर्व्हिस सेंटरला फोन लावला होता आणि पलीकडून संगीत सुरू झालं होतं. चीफनी मॅन्युअलमधलं जम्प स्टार्टचं पान शोधता शोधताच त्याला हाताने खूण केली, फोन ठेव म्हणून.